दाढी कापणारा राजा आणि मावशींची जट

कुरुंद्याच्या शाळेत मी नुकतीच इतिहास शिकवायला लागले होते. तिथे खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या डोक्यात नऊ वर्षांची जट होती, मनगटाएवढी जाड. तिच्या ओझ्यानं त्यांची मान कायम एका बाजूला कललेली असे. जट म्हणजे देवीचं देणं, कापली तर कोप होईल, अशी त्यांची खात्री होती. मी रोज मागे लागायचे, "काढून टाकू." त्या हसून चुलीकडे वळायच्या.

एकदा आठवीच्या वर्गात मी रशियाच्या एका राजाबद्दल सांगत होते. वेष बदलून परदेशी गेला, गोदीत सुतारांसोबत कुऱ्हाड चालवून जहाजं बांधायला शिकला. परत येऊन देश नवा करायचा म्हणून त्यानं सरदारांच्या दाढ्या स्वतःच्या हातानं कापल्या. पोरं खिदळली. मीही रंगात आले होते.

बादली घेऊन दारात उभ्या मावशींनी विचारलं, "बाई, ज्यायच्या दाढ्या कापल्या, त्यायचं काय झालं?"

"काहींनी कापलेली दाढी जपून ठेवली म्हणतात. मेल्यावर सोबत पुरा, देवाला दाखवायची आहे, म्हणून."

"म्हंजी दाढी तेवढी गेली. भेव तसंच ऱ्हायलं की."

माझ्या पर्समध्ये आठवडाभर कात्री होती. बोलता बोलता एक दिवस कापूनच टाकू, असं मी ठरवलं होतं. त्या दिवशी ती घरी नेऊन ठेवली.

मग मी सांगणं सोडून विचारायला लागले. कळलं, की लेक तापानं गेली तेव्हा मावशींनी कित्येक महिने डोक्याला फणी लावली नव्हती. "तवा माझ्याकडं कोनी बघत न्हवतं, बाई. जट आली अन् लोकं पाया पडाया लागले." हे मला कधी सुचलंच नव्हतं.

दिवाळीनंतर त्या आपणहून आल्या. "मान लई तकलीफ देऊन राहिली. काढा. पर हळू."

रविवारी शाळेमागं बसलो. पहिल्या कापाला त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मी थांबले. बऱ्याच वेळानं त्यांनी हात सोडला, आणि सगळं होईपर्यंत आवाज न करता रडत राहिल्या.

आठ दिवसांनी त्यांची शेळी मेली. दोन दिवस मावशी शाळेत आल्या नाहीत. मी त्यांच्या घराकडे निघाले. विज्ञान मला ठाऊक होतं, तरी धाकधूक होती.

मावशी अंगणात उन्हाला बसल्या होत्या. मी म्हटलं, "शेळीचं ऐकलं."

"व्हय. पोट फुगलं तिचं. ओला चारा जास्ती झाला." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "शेजारीन म्हन्ली, देवीनं नेली. मी म्हन्लं, देवी काहून शेळी नेईल?"

एवढं बोलून त्यांनी मला बसायला पोतं टाकलं आणि चहाला पाणी ठेवायला आत गेल्या.