कृष्णातची उचकी

वडूजच्या कृष्णातचं खरं नाव मी सांगणार नाही. त्यानं स्वतःच इतकी नावं घेतलीत, की त्यात माझं हे एक खपून जाईल.

कृष्णात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. गडी किडकिडीत, पण फुंक अशी, की घोडीवरचा नवरदेवही मान डोलावतो. एचआयव्ही असल्याचं कळलं तेव्हा त्याला मरणाची नव्हे, क्लॅरिनेट जाण्याची भीती वाटली. वाद्यं मालकाची, आज याच्या तोंडी, उद्या त्याच्या. थुंकीतून हा रोग लागत नाही, हे मालकाला कोण पटवणार? तो शिंक आली तरी लिंबू उतरवून टाकणारा.

म्हणून सांगलीच्या एचआयव्ही उपचार केंद्रातून गोळ्या गुपचूप यायच्या. गाल वर आले, अंगात रग आली आणि गड्याला वाटलं, झालो बरा. गोळ्या सुटल्या. आता केंद्रातल्या समुपदेशक शाहजादीआपा मागे लागणार, म्हणून त्यानं नंबर बदलला, मिशी काढली, बँड बदलला आणि जयराज होऊन बसला.

आपा म्हणजे चिवट बाई. रुग्णाचं गुपित फुटू नये म्हणून गावात गेल्या की 'गॅस एजन्सीतून आलेय' सांगतात. वडूजमध्ये हे सांगितलं आणि गल्लीतल्या बायकांनी त्यांना तक्रारींसाठी धरूनच ठेवलं. त्यातल्या बनाबाईंनी तर शेगडी उचलून पुढ्यात आणली. तोवर कृष्णात मलकापूरच्या बँडात गेला होता. आपा मलकापुरात पोचल्या तर हा कुपवाडला. बिचाऱ्या दर वेळी त्याच्या मागच्या वेषाला शोधत होत्या.

शेवटी आपांच्या नात्यातली एक वरात कुपवाडला होती. बँडवाले लाल कोटात, काळ्या चष्म्यात, सगळे एका साच्यातले. गाणं संपता संपता क्लॅरिनेटनं शेवटच्या सुराला उचकी दिली. आपा जागच्या जागी थांबल्या. केंद्रात रांगेत बसून कृष्णात छत्रीच्या दांड्यावर बोटं नाचवत गुणगुणायचा, तेव्हा प्रत्येक गाणं याच उचकीवर संपायचं.

पण वरातीत विचारणार कसं? आपांनी दहाची नोट काढली आणि ती ओवाळत थेट बँडसमोर नाचायला लागल्या. नाचत नाचत त्याच्या कानाशी गेल्या.

"कृष्णात, गोळ्या कुठं हायत?"

"कोन कृष्णात? मी जयराज."

"मग जयराजला धाड केंद्रात. गोळी त्येलाबी लागती."

आपांचा उत्साह बघून नवरदेवाच्या मामानं त्यांच्या हातात आणखी एक नोट कोंबली. मग आणखी एक गाणं नाचणं आलं.

जेवणावळीच्या वेळी कृष्णात पाण्याच्या टाकीमागं येऊन उभा राहिला. "आपा, वळखलं कसं?"

"मिशी गेली, नाव गेलं. उचकी न्हाई गेली."

"ती सोडली तर वाजवू काय?"

"तुझ्या अंगातला विषाणूबी तुझ्यावानीच हाय. शरीर त्येला धराया शिपाई तयार करतंय. पर शिपाई मिशीवाल्याला हुडकत्यात आन ह्यो तवर मिशी काढून पुढं गेलेला. उचकी त्येचीबी एक हाय. पेशीला चिकटायची जागा. ती बदलली तर आत शिरताच येत न्हाई. म्हनून ती लय झाकून ठेवतोय."

"माज्या शिपायांस्नी घावंल का ती?"

"शंभरात एकाद्याच्या शिपायाला घावती, तीबी उशिरा. त्या भरवशावर बसू नगंस. गोळी त्येची पैदासच बंद करती. पैदास न्हाई तर नवं सोंग आननार कोन? आन मधीच सोडलीस, तर त्यो गोळीलाबी चुकवाया शिकतोय."

कृष्णातनं क्लॅरिनेट छातीशी धरलं. मग म्हणाला, "क्लारनेट काढून घेतील ओ माजं."

आपा म्हणाल्या, "फुंकाया छाती तर राहू दे रं. मालकाला कवा सांगायचं ते तुझं तू ठरव. गोळीचं मी ठरिवनार."

तेव्हापासून जेवणाच्या वेळी आपांचा फोन वाजतो. नंबर दर वेळी वेगळा, ज्याचा फोन हाताला लागेल त्याचा. पलीकडून कुणी बोलत नाही. नुसती उचकी येते. गोळी घेतली, एवढाच तिचा अर्थ. आपा 'बरं' म्हणतात आणि जेवायला बसतात.

परवा फोन आला नाही. आपांनी ताट तसंच झाकलं, ओढणी घेतली, गॅस एजन्सीची पिशवी खांद्याला लावली. दार उघडतात तो समोरून वरात येत होती. बँड त्यांच्या दाराशी आला आणि गाणं अर्ध्यावर असतानाच क्लॅरिनेटनं मध्येच उचकी दिली. बाकीच्या वाजंत्र्यांचा ताल पार चुकला, मालक शिव्या द्यायला लागला.

आपांनी पिशवी खुंटीला लावली आणि ताटावरचं झाकण काढलं.