मिल रोड ते चर्च स्ट्रीट, मार्गे कांदेपोहे

आमच्या गावाला दोन रेल्वे स्टेशनं होती. खरं तर गावाला एकाचीही फारशी गरज नव्हती.

गाव न्यू जर्सीतलं. स्टेशनांची नावं मिल रोड आणि चर्च स्ट्रीट. न्यूयॉर्ककडून येणारी गाडी आधी मिल रोडला थांबायची, तिथून सुटायची आणि सुटली म्हणेपर्यंत चर्च स्ट्रीटला थांबायची. मिल रोडच्या प्लॅटफॉर्मवरून चर्च स्ट्रीटवरचा माणूस शिंकताना दिसायचा. (शिंक ऐकू यायची नाही, एवढंच काय ते अंतर!) पूर्वी इथे दोन वेगळी गावं होती आणि दोघांनाही आपापलं स्टेशन हवं होतं, असं म्हणतात. पुढे गावं एक झाली, स्टेशनं मात्र हटेनात. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हा प्रकार मोठ्या अभिमानानं दाखवायचो. स्वतः मात्र मी तिथून कधी गाडीत चढलो नव्हतो. मी सगळीकडे कारनं जायचो.

गोष्ट २००४ सालची. माझा धाकटा भाऊ नितीन तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये राहत होता. वय एकतीस, नोकरी सॉफ्टवेअरची, स्वभाव अबोल. इतका अबोल, की घरात आहे का हे बघायला खाली जाऊन दिवा लावावा लागायचा. त्याच्यासाठी आम्ही दोनदा मुली बघितल्या होत्या. दोन्हीकडून “कळवतो” असं उत्तर आलं होतं, आणि कळवलं कुणीच नव्हतं. दर रविवारी पुण्याहून आईचा फोन यायचा. “काय रे श्रीकांत, काही जमलं का त्याचं?” मी “प्रयत्न चालू आहेत” म्हणायचो आणि हवापाण्यावर घसरायचो.

तिसरं स्थळ आलं मुक्ताचं. मुलगी नागपूरची, इकडे एका औषध कंपनीत नोकरीला. तिचे मामा-मामी लाँग आयलंडला. मामा रिटायर्ड डॉक्टर, अमेरिकेत येण्याआधी काही वर्षं इंग्लंडात काढलेले. मुक्ता आणि नितीन फोनवर एकदा बोलले होते. म्हणजे दोघांनी फोन कानाला लावला होता. पण त्या फोननंतर नितीन वर आला आणि आपण होऊन माझ्या बायकोला, वृंदाला म्हणाला, “वहिनी, मुलगी चांगली वाटते.” एवढं मोठं वाक्य आम्ही त्याच्या तोंडून बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. कार्यक्रमाच्या दिवशी त्यानं एकच शर्ट दोनदा इस्त्री केला. या वेळी हे जमायलाच हवं, असं मला अगदी मनापासून वाटलं. आणि अबोल मुलाच्या वतीनं बोलायची जबाबदारी नेहमीप्रमाणे मी आपल्या अंगावर घेतली.

मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मामी कार चालवायच्या, पण फक्त भाजी आणायला आणि फक्त उजवीकडे वळून. म्हणून ते तिघं ट्रेननं येणार होते.

“मामा, चर्च स्ट्रीटला उतरा,” मी फोनवर बजावलं. “आधी मिल रोड येतं, तिथे उतरायचं नाही. त्याच्या पुढचं. आमचं घर तिथून चालत जवळ आहे, पण मी कार घेऊन येतोच.”

“अहो, कशाला त्रास घेता?”

“त्रास कसला त्यात!”

इथेच सगळी गडबड झाली. बिघाड रेल्वेत नव्हता. आम्हा मंडळींच्या संकोचात होता.

ठरल्या वेळी मी आणि नितीन चर्च स्ट्रीटला उभे. गाडी आली. एक अमेरिकन आजी उतरल्या, एक सायकल उतरली, गाडी गेली. आमच्यापैकी कुणी नाही! तेवढ्यात माझा मोबाइल वाजला.

“श्रीकांतराव, आम्ही उतरलो बरं का!”

“कुठे?”

“स्टेशनवर!”

झालं होतं असं. आपलं ठिकाण यायच्या बऱ्याच आधी उठून दाराशी जाऊन उभं राहायचं, ही आपली जुनी शिस्त. मामींनी सगळ्यांना नेवार्कपासूनच उभं करून ठेवलं होतं. मिल रोड आलं. दाराशी सामानासकट तीन माणसं बघून कंडक्टर बिचारा मदतीला धावला आणि त्यानं मामींची पिशवी उचलून खाली ठेवली. पिशवीत संत्रा बर्फी होती. पिशवीपाठोपाठ मामी उतरल्या, मामींपाठोपाठ मामा, मामांपाठोपाठ मुक्ता. “थँक यू” म्हणेपर्यंत गाडी निघून गेली होती.

“मामा, तिथेच थांबा. मी कार घेऊन आलोच.”

“छे, छे! तुम्ही कशाला? अहो, तुमचं स्टेशन इथून दिसतंय की! लंडनला लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन अशीच चिकटून आहेत. तिथे गाडीत बसणारा मूर्ख ठरतो. शहाण्या माणसानं चालावं. आम्ही येतो चालत.”

“नको, नको! पाहुण्यांनी चालायचं म्हणजे काय! मी येतो.”

“तुम्ही थांबा हो, आम्हीच येतो.” फोन बंद. बॅटरी वाचावी म्हणून मामा प्रत्येक फोननंतर मोबाइल पूर्ण बंद करून ठेवायचे, हे मला मागाहून कळलं.

आता पाहुणे “आम्ही येतो” म्हणाले म्हणून खरंच थांबून राहणारा यजमान मी तरी पाहिलेला नाही. मी नितीनला म्हटलं, “तू इथेच थांब, चुकामूक नको.” (नितीनचा मोबाइल घरी चार्जरला होता. शर्टाच्या नादात विसरला होता.) आणि मी कारनं निघालो. रुळांच्या कडेनं दोन्ही स्टेशनांमध्ये सरळ पायवाट होती. कारला मात्र पूल, वनवे, आणखी एक वनवे, शिवाय चौकाचौकात स्टॉप साइन. मी मिल रोडला पोचलो तेव्हा प्लॅटफॉर्मवर एक कबुतर होतं.

समोर बघितलं. चर्च स्ट्रीटच्या प्लॅटफॉर्मवर चार माणसं दिसत होती. एक नितीन, एक आंब्याच्या रंगाचा कुर्ता, एक साडी आणि पांढरा रुमाल हलवणारे मामा. पोचले तर! मी हात हलवला, ते थांबा अशा खुणा करू लागले. म्हणजे आता ते परत इकडे चालत येणार! छे, हे होऊ देणं शक्यच नव्हतं. कारनं पुन्हा वळसा घालेपर्यंत ते इथे येऊन पोचले असते. तेवढ्यात न्यूयॉर्ककडून गाडी आली. मी विचार केला, एकच तर स्टेशन! कार राहू दे इथेच, आणि चढलो.

गाडीनं वेग घेतला. मग आणखी घेतला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

“चर्च स्ट्रीट?” मी कंडक्टरला विचारलं.

“नॉट धिस वन, सर.”

रविवारच्या काही गाड्या दोन्हींपैकी एकाच स्टेशनवर थांबायच्या. इतक्या जवळ दोनदा थांबायची इंजिनालाही लाज वाटत असावी. चर्च स्ट्रीट खिडकीबाहेरून गेलं. माझा भाऊ, होऊ घातलेली भावजय आणि तिचे मामा-मामी हाताच्या अंतरावरून सरकले. मी हात हलवला. त्यांनीही हलवला. मामी तर नमस्कार करत होत्या! मुक्ताची आणि माझी ही पहिली भेट. मी काचेला नाक लावून तोंड उघडलेलं होतं, असं नितीन सांगतो.

गाडी थांबली ती जंगल, नदी आणि एक गोल्फचं मैदान ओलांडून. उतरल्या उतरल्या मी घरी फोन केला.

“वृंदा, मी भलत्याच गावाला आलोय.”

“आणि पाहुणे?”

“ते आपल्या गावात आहेत.”

पलीकडे कढई आदळली. “श्रीकांत, माझे पोहे झालेत. वर खोबरं-कोथिंबीर पण घालून झालीये. यार, तुला एक काम सांगितलं होतं!”

तो फोन ठेवतो तोच मामांचा. “अहो श्रीकांतराव, आमच्यापायी केवढा त्रास तुम्हाला! आम्ही येतो तुम्हाला घ्यायला.”

“मामा, नाही! मी परत येतोय! तुम्ही फक्त तिथे बसा!”

“तुम्ही आमच्यासाठी तंगडतोड करायची आणि आम्ही बसून राहायचं? ते काही नाही. मुक्ता आणि नितीन पिशवी सांभाळतील. ही बघा, गाडी आलीच.” फोन बंद!

परतीची गाडी यायला जीव जाईल एवढा वेळ लागला. शेवटी आली, मी बसलो. निम्म्या वाटेवर समोरून दुसरी गाडी आली. दोन्ही गाड्या सिग्नलला शेजारीशेजारी थांबल्या. पलीकडच्या खिडकीत मामा. मामांनी मला बघितलं, मी मामांना. मामांनी मामींना कोपरानं ढोसलं. मामींनी पुन्हा नमस्कार केला. मी दोन्ही हातांनी “उतरू नका, उतरून परत या” असं काहीतरी दाखवत होतो. माझ्या शेजारची बाई उठून लांब जाऊन बसली.

एवढ्यात माझ्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. तिकडे स्टेशनवर नितीन मुक्ताबरोबर एकटाच बसला होता! जो मुलगा फोनवर नुसता श्वास घेतो, तो आता तासभर त्या मुलीसमोर काय करणार? आकाशाकडे बघणार! संपलं सगळं. हेही स्थळ गेलं, आणि तेही माझ्यामुळे. आईला काय सांगू? “आई, मुलगी छान होती, मी तिला धावत्या गाडीतून पाहिली”? मला खरोखर रडू येईल असं वाटायला लागलं.

ही गाडीही फक्त मिल रोडला थांबणारी निघाली. मी तिथे उतरलो, कारमध्ये बसलो, पूल, वनवे, आणखी एक वनवे करत चर्च स्ट्रीटला पोचलो आणि धावतच प्लॅटफॉर्मवर गेलो. बाकावर नितीन आणि मुक्ता. मध्ये पोह्यांचा डबा, रिकामा. बर्फीचा खोका उघडा. आणि नितीन बोलत होता! हातवारे करून! मुक्ता हसून हसून डोळे पुसत होती. मग ती काहीतरी म्हणाली आणि तो हसला. हे दृश्य मी त्याच्या जन्मापासून पाहिलं नव्हतं.

“सॉरी हं, सॉरी!” मी लांबूनच सुरुवात केली. “मुक्ता, मी श्रीकांत, नितीनचा मोठा भाऊ. आमचा नितीन थोडा अबोल आहे, पण मनानं अगदी...”

“श्रीकांत!” प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर, त्या दोघांकडे पाठ करून वृंदा बसली होती. पोहे पोचवून ती तिथे जाऊन बसली होती. “मामा-मामी तिकडे एकटे आहेत. आत्ताच्या आत्ता जा आणि त्यांना घेऊन ये.”

“हो, पण आधी जरा ओळख...”

“आधी जा. कारनं जा. आणि हायवेनं जाऊ नकोस.”

मी गेलो. मामा-मामी त्या लांबच्या स्टेशनवर बाकावर माझी वाट बघत होते. कार दिसताच मामा धावत पुढे आले. “अहो, आम्ही आलो असतो की! तुम्ही कशाला पुन्हा त्रास घेतलात?” येताना त्यांनी मला इंग्लंडातली जवळजवळची झाडून सगळी स्टेशनं सांगितली. उजव्या वळणांवर मामी “शाब्बास” म्हणत होत्या.

घरी पोचलो तेव्हा चहा झाला होता आणि लग्नही ठरलं होतं. “आम्हा दोघांचा होकार आहे,” असं नितीननं सर्वांसमक्ष, खणखणीत आवाजात सांगितलं. मामींनी डोळ्याला पदर लावला. मी पुण्याला फोन लावला आणि आई चक्क रडली.

रात्री भांडी आवरताना मी वृंदाला म्हटलं, “कमाल आहे. आधीच्या दोन्ही वेळा मी एवढा घसा कोरडा केला, तेव्हा नाही जमलं. आणि आज मी नव्हतो तर...”

वृंदानं हातातली कढई खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मग मला हळूहळू कळत गेलं.

बातमी आमच्या मराठी मंडळींत पसरायला वेळ लागला नाही. पुढच्याच महिन्यात गावातल्या देशपांडे काकूंचा फोन आला. त्यांच्या मुलीला बघायला मुलगा येणार होता.

“श्रीकांत, या रविवारी आमच्याकडे कांदेपोहे आहेत. तू यायलाच हवंस, असं मुलीचं म्हणणं आहे.”

मला भरून आलं. “येतो की काकू! किती वाजता येऊ?”

“घरी नको रे. तू तेवढी मिल रोडहून दुपारची गाडी पकडशील का?”

मी पकडली. तिचंही जमलं.