मामलेदारी अर्ज स्वीडनला

नौपाड्यातल्या लेलेबाईंचं नाव आधी सांगतो. त्या नसत्या तर डॉ. सबनीस आज स्वीडनमध्ये नसते.

मी देवगडकडचा. इंग्रजी तिसरीत शाळा सुटली. ठाण्याच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसतो आणि बाईंकडे भाड्याने राहतो. त्या निवृत्त शिक्षिका. दिवसभरात केलेल्या इंग्रजी अर्जांच्या कार्बन कॉप्या संध्याकाळी त्यांना दाखवायच्या, चुका समजून घ्यायच्या, हा आमचा नेम.

त्या दिवशी कॉपी वाचून बाईंनी चष्मा काढला. "दत्तू, हे पत्र प्राध्यापकाला आहे की मामलेदाराला?"

पत्र सबनीससाहेबांचं होतं. कोलशेतकडच्या एका कारखान्यात ते केमिस्ट. त्यांना पोस्ट-डॉक्टरल फेलोची जागा हवी होती. म्हणजे डॉक्टरेट झाल्यावर मोठ्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं पगारी संशोधन. डेन्मार्क, नॉर्वेला अर्ज जाऊन आले. म्हणजे गेले, उत्तर आलं नाही. आता स्वीडन. इकडे कारखान्याने बढती देऊ केलेली, पण पाच वर्षं सोडून न जाण्याच्या करारावर. दोन महिन्यांत सही करायची, नाहीतर बढती गेली.

तिन्ही अर्ज त्यांच्या चार पानी मजकुरावरून मीच केलेले; पहिले दोन बाईंकडे राहायला येण्याआधी. कोर्टातला अर्ज एका पानात बसवतात. मीही बसवला. वर 'अत्यंत नम्रपणे', मध्ये वृद्ध आईवडील आणि लग्नाच्या बहिणी, खाली 'आपणांस दीर्घायुष्य लाभो' ही प्रार्थना. संशोधन एका ओळीत. साहेबांना वाटलं, अर्ज असाच असतो.

"यात त्यांचं काम कुठाय?" बाईंनी विचारलं.

सकाळी साहेब पत्र न्यायला आले. मी सगळं सांगून टाकलं. "साहेब, आधीचे दोन्ही माझ्यामुळेच वाया गेले असणार."

त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "आणि सही करताना मी काय झोपलेलो? चल बाईंकडे."

बाईंनी सरळ विचारलं, "त्या प्राध्यापकांचं लिखाण वाचलंय का?"

"वाचलंय. एका प्रयोगात माझा आकडा त्यांच्याशी जुळत नाही."

"मग तेच लिहा."

"बाई, नोकरी मागतोय मी! त्यांची चूक काढू?"

"चूक काढू नका. तुम्हाला काय दिसलं ते सांगा. आणि बहिणींना घरीच राहू द्या."

साहेब हसले, लिहायला बसले.

मी पाच वेळा टाइप केलं. रसायनांच्या सूत्रातले बारीक आकडे ओळीच्या खाली यायला हवेत, तेवढ्यासाठी रोलर दर वेळी हाताने अर्धं घर फिरवायचा. एअरमेलचा कागद इतका पातळ, की जोरात बटण दाबलं तर भोक पडे. फाटलेले चार कागद मी कुणाला दाखवले नाहीत.

सातव्या आठवड्यात भर दुपारी साहेब कोर्टाच्या आवारात पळत आले. टाय खांद्यावर.

"दत्तू! बोलावलंय!"

प्राध्यापकांनी लिहिलं होतं, तो न जुळणारा आकडा आम्हालाही छळतो आहे, इथे येऊन त्याचा निकाल लावा. जागा पक्की. साहेबांनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली. बेलीफ ओरडला, "अरे, कुठली केस जिंकलात?"

"स्वीडनची!" साहेब म्हणाले.

आता कल्याण-डोंबिवलीहूनही मंडळी अर्ज घेऊन येतात. कुणाला तिकडे डॉक्टरेट करायची, कुणाला पुढचं संशोधन. मी आधी विचारतो, काम काय केलंत? घरची अडचण मामलेदाराला सांगावी. प्राध्यापकाला तिचा उपयोग नसतो.

बाई शिकवणीचं काही घेत नाहीत. म्हणतात, बाहेरून मॅट्रिकला बस. गणिताची अजून धास्ती वाटते. पण बाई, इथे छापून सांगतो, पास झाल्याचा कागद एक दिवस तुमच्या हातात आणून ठेवीन.