हिंजवडीतलं आमेन

आमच्या गावाहून (नगर जिल्ह्यात आहे, नकाशात सापडेलच असं नाही) सकाळच्या पहिल्या एसटीनं पुण्याला निघालो, तेव्हा पिशवीत बाजरीच्या भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा होता, आणि डोक्यात एक प्रार्थना होती. भाकरी शेजारणीनं थापल्या होत्या, त्या चांगल्या होत्या. प्रार्थना माझी होती, ती कच्ची होती.

सांगायचं ते आधीच सांगतो. मी चौथी शिकलेला गवंडी. बायको रूथ यंदा प्रभूघरी गेली. आमच्या घरात प्रार्थना तिच्याकडं आणि आमेन माझ्याकडं, ही लग्नापासूनची वाटणी. जेवायच्या आधी, कुणी गावाला निघालं की, म्हैस अडली तरी, ती डोळे मिटून मागायची. शेवटी ‘येशूच्या नावानं मागते’ म्हणायची आणि मग माझं आमेन. मंडळीत माझ्या आमेनला नाव आहे. पाळकसाहेब म्हणतात, कौलांवरची कबुतरं उडतात.

मुलगी सुवार्ता हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. तिला दुपारी जेवणाची सुट्टी झाली की रूथ रोज फोन लावून प्रार्थना करायची. पोरगी जिन्यात उभी राहून ऐकायची आणि कामाला परत जायची. रूथ गेली आणि तो फोन बंद झाला. मग मी निघायच्या आदल्या दिवशी पोरीचाच आला. विलायतेतल्या एका दुकानाचं काम तिच्याकडं होतं, तिच्या हातून चूक झाली आणि एकाचा माल दुसऱ्याच्या दारात जाऊन पडला. आता ते त्या लोकांना फोनवर, सगळ्यांदेखत सांगायचं होतं.

“बाबा, माझ्यानं नाही व्हायचं. राजीनामा लिहून ठेवलाय. उद्या तीनला ते लोक बोलणार. त्याच्या आधी आईसारखी प्रार्थना कराल का? नाहीतर मी देऊनच टाकते.”

मला फोनवर ‘हॅलो’सुद्धा धड येत नाही. म्हटलं, समोर जाऊन बसावं. प्रार्थना नाही जमली तरी भाकरी पोचेल.

वाघोली आली तसं कंडक्टर म्हणाला, “आलं पुणं.” मला नुसते खांब दिसले. पूर्वी इथं ज्वारी असायची. आता इमारती उगवल्यात, आणि बुजगावण्यांच्या जागी जाहिरातीतली हसरी जोडपी उभी आहेत. गाडी रुतली ती हलेना. मी डोळे मिटून सराव सुरू केला. “हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकार मानतो...”

शेजारचा गृहस्थ म्हणाला, “काका, मळमळतंय का? खिडकीत बसा.”

बसलो. खिडकी मिळाली, प्रार्थना उपकारांपाशीच राहिली.

येरवड्याला कंडक्टर ओरडला, “चला, जेलवाले!” दोन बायका डबे घेऊन उतरल्या. डबा माझ्याही मांडीवर होता. कंडक्टर दोरी धरून माझ्याकडं बघत राहिला.

“माझी पोरगी हिंजवडीत आहे,” मी म्हणालो.

“तिथंही भेटायला परवानगी लागते,” तो म्हणाला. मला वाटलं, चेष्टा करतोय.

शिवाजीनगरला उतरून एका धोतर-टोपीवाल्यांना विचारलं, “अहो, हिंजवडीची बस कुठं लागते?”

“आपल्याला वाचता येतं का?”

“येतं.”

“मग त्या पाटीला संधी द्या.”

पाटी त्यांच्याच डोक्यावर होती. पुण्यात माणसं पत्ता सांगतात, पण आधी किंमत काढतात.

हिंजवडी म्हणजे मूळचं गावच. अजूनही एक म्हातारी रस्त्याच्या कडेला म्हशी घेऊन चालली होती, आणि तिच्या मागं कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग, हॉर्न वाजवत. बसमध्ये तरणी पोरं काचेला डोकं टेकून झोपलेली. म्हशी जाग्या होत्या. पुढं नुसत्या काचेच्या इमारती. मी जन्मभर भिंतींना गिलावा केला, इथं गिलावा करायला भिंतच ठेवलेली नाही.

फाटकावर पहारेकरी होता, वर्ध्याकडचा. कंडक्टरनं चेष्टा केली नव्हती हे तिथं कळलं.

“कोणाले भेटाचं आहे, काका?”

“मुलीला.”

“काम काय आहे?”

“प्रार्थना करायची आहे.”

त्यानं संगणकात वरखाली पाहिलं. “मुलाखत आहे, डिलिव्हरी (माल पोचवणं) आहे, मेन्टेनन्स (दुरुस्ती) आहे. प्रार्थना नाही न बाप्पा याच्यात.”

“त्यातल्या त्यात जवळचं काय?”

त्यानं मान खाजवली आणि दुरुस्ती दाबलं. मग डबा उघडायला लावला. ठेच्याचा वास आला आणि त्याच्या तोंडावरचं सरकार निघून गेलं. चतकोर भाकरी त्याच्या हातावर ठेवली. रजाच मिळत नाही, गावाकडं जाऊन वर्ष झालं, म्हणाला. तपासणी तिथंच संपली.

गळ्यात ‘मेन्टेनन्स’ची पाटी लटकवून वर गेलो. पोरगी दारात आली. वाळली होती. डोळे सुजलेले. “बाबा, तुम्ही इतक्या लांब का आलात?” म्हणाली आणि माझी पिशवी घट्ट धरून ठेवली.

आत गोठ्यासारख्या फळ्या घालून जागा केल्या होत्या (क्युबिकल म्हणतात), प्रत्येकाची दावण वेगळी. तिथं चष्मेवाला एक मुलगा उठून आला.

“अंकल, तुम्ही मेन्टेनन्सचे ना? माझ्या डेस्कवर एसी लीक होतोय, प्लीज बघा ना.”

“मी प्रार्थना करायला आलोय.”

त्यानं वर गळणाऱ्या नळीकडं पाहिलं. “एसीसाठी?”

“जमलं तर त्याच्यासाठीही मागतो.”

“थँक्यू, अंकल,” म्हणाला बिचारा. त्याला खरंच त्रास होता.

पोरीनं एक काचेची खोली धरून ठेवली होती. खोली आधी नोंदवावी लागते आणि कशासाठी हवी तेही लिहावं लागतं. तिनं लिहिलं होतं, ‘वरिष्ठांशी चर्चा’. आम्ही समोरासमोर बसलो. खुर्ची चाकांची, मी जरा पुढं झालो की ती मागं जाई. शेवटी टेबलाचा पाय धरला आणि डोळे मिटले.

“हे प्रेमळ स्वर्गीय पित्या,” मी सुरू केलं. पुढचं सगळं उडालं. मग जसं सुचलं तसं बोललो. “आम्ही आलोय. तुला दिसतंयच, भिंती काचेच्या आहेत. ह्या लेकराच्या हातून चूक झाली. मुद्दाम नाही केली. ती विलायतेतली माणसं तीन वाजता बोलणार आहेत, त्यांचं डोकं शांत ठेव. त्यांचं नाही जमलं तर निदान हिचं ठेव. तिला खरं बोलायला तोंड दे. ती जेवत नाही, तेही बघ. पहारेकऱ्याला गावाकडं जायला रजा मिळू दे. बाहेरच्या पोराचा एसी गळतोय, तो बंद कर, म्हणजे गळणं बंद कर, एसी चालू राहू दे. आणि रूथ तिकडंच आहे, तिला सांग आम्ही बरे आहोत. पूर्ण बरे नाही. पण सांग.”

मागणं संपलं. मी थांबलो. पोरगी डोळे मिटून थांबली. प्रार्थना संपल्याशिवाय आमच्यात कुणी डोळे उघडत नाही. बाहेर कुणी काचेवर टकटक केली, त्यांची वेळ झाली असावी. तरी मी थांबलोच. कुणाचं अडलंय, हे मलाच कळेना.

मग कळलं. मी रूथची वाट बघत होतो. ती ‘येशूच्या नावानं’ म्हणेल आणि मग मी आमेन म्हणेन. माझं आमेन घशात तयार होतं, पण त्याच्या आधीचं वाक्य माझं कधी नव्हतंच. डोळे मिटलेले असूनही पाणी कुठून येतं कोण जाणे, माझ्या मिशीत उतरलं.

टकटक पुन्हा झाली. आणि समोरून आवाज आला, बारीक, पण थेट आईचा:

“येशूच्या नावानं मागते, बापा.”

“आमेन!”

डोळे उघडले तर फळ्यांवरून सगळ्या कचेरीची डोकी वर आली होती. दाराशी उभ्या असलेल्यांपैकी एकाच्या हातातली कॉफी शर्टावर गेली होती. सुवार्तानं तोंडावर हात दाबला. मला वाटलं रडतेय. हसत होती. रूथच्या मातीनंतर पहिल्यांदा हसत होती.

“बाबा, हळू ना!”

“मला हळू येत नाही.”

जिन्यात बसून तिनं भाकरी खाल्ली, ठेच्यानं नाक पुसत खाल्ली. मग तोंड धुऊन म्हणाली, “जाते. तुम्ही निघा, नाहीतर गाडी चुकेल.” राजीनाम्याचं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. खाली येताना पाहिलं, चष्मेवाल्यानं डेस्कवर बादली ठेवली होती. सगळंच एका दुपारी मिळत नाही.

परतीची गाडी वाघोलीला पुन्हा रुतली. तिथं फोन वाजला.

“बाबा, सांगितलं सगळं. ओरडले खूप. शेवटी एकजण म्हणाला, स्वतःहून सांगितलंस ते बरं केलंस, आता दुरुस्त कर. राजीनामा फाडला. बाबा, डोळे मिटा.”

“अगं, गाडीत आहे मी.”

“मिटा म्हणते ना.”

मिटले. ती प्रार्थना करत होती, मी ऐकत होतो. तिनं वाक्य पुरं केलं आणि मी माझं काम केलं. पुढच्या बाकावरचं तान्हं दचकून रडायला लागलं. त्याच्या आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघत बसलो, गाडी हलेपर्यंत.

घरी आलो, उरलेली भाकरी ताटात घेतली. रूथ गेल्यापासून मी नुसताच जेवायला लागलो होतो. त्या रात्री डोळे मिटले, अन्नाचे उपकार मानले, आणि ते वाक्य स्वतःच म्हणालो. जरा अडखळलो. मग थोडं थांबलो, समोरून आमेन येईल म्हणून. रूथचं आमेन मला कधी ऐकूच आलं नव्हतं, माझ्याच आवाजात बुडायचं.

म्हणून या वेळी मी आमेन हळू म्हणालो. आणि मग जेवलो.