मुन्साकाच्या मयताला आलेला सायकलवाला

मायिन्झाचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. झांबियातून झांबेझी नदीवरच्या पुलावरून सुकट घेऊन ती पलीकडे झिंबाब्वेत विकायला जायची. पोतं भाड्याने ओझी वाहणाऱ्या हामूंगाच्या सायकलवर, आणि ही बया पोत्यावर एक हात ठेवून मागून धापा टाकत पळायची. बाजूला एवढा धबधबा कोसळतोय, जगभरातून लोक तो बघायला येतात. हिने कधी मान वर केली असेल तर शपथ! नजर सगळी पोत्याच्या गाठीवर. हामूंगा वाटेत मासे चोरतो अशी तिची पक्की खात्री होती. आणि अजून सापडला नाही म्हणजे केवढा पोचलेला चोर असेल बघा, असं वर तीच म्हणायची.

शिवाय हा मेला तिला शेळी म्हणायचा. "चल गं शेळे, हल की! तू पोचेपर्यंत मासे जिवंत होऊन नदीत उड्या मारतील." ती पोत्याची गाठ पुन्हा चाचपायची. माणूस जवळ येतो तो खिशात हात घालायलाच, हा तिचा सिद्धान्त.

बरं, याला कारण नव्हतं असंही नाही. नवऱ्याने दुसरी ठेवली तेव्हा अख्ख्या गावाला माहीत होतं, हिलाच तेवढं नव्हतं. त्यानंतर बाईने सगळी कसर भरून काढली. पुलावरच्या चौकीत परवान्यावर शिक्का बसला की तो उजेडात धरून बघायची. धाकटा भाऊ मुन्साका पलीकडेच राहायचा. जगात तेवढंच एक घर होतं जिथे ती निर्धास्त झोपायची.

तो मुन्साका गेला. ट्रकमधला माल उतरवताना अंगावर कोसळला, जागीच संपला.

मायिन्झा पूल ओलांडून पोचली तेव्हा अंगणात बायकांची रडारड चालली होती. मधोमध प्रेताची पेटी. मुन्साकाची बायको लुयांडो भिंतीकडे तोंड करून बसलेली, मांडीवर तान्ही पोर. दोन दिवस बाईच्या पोटात अन्नाचा कण नाही. दूध आटलेलं, पोर रडून रडून आता नुसती कण्हत होती. प्रत्येकीने न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, घास मळून पुढे केला, पण लुयांडो तोंड उघडेना. असंच चाललं तर पोरही हातची जाणार हे सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात खांद्याला पिशवी लावून हामूंगा आला, तो बोंबलतच. "कुठाय तो कामचुकार? ओझं उचलायला नको म्हणून मेलास होय रे? ऊठ! फुकटचा लोळतोय!" आणि पेटीशेजारी धाडकन आडवा झाला, जीभ बाहेर काढून. दोघी-तिघी फिसकन हसल्या. लुयांडोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

मायिन्झाचं टाळकं फिरलं. पुलावरचा चोर इथेही! रश्शाचा वास लागला असणार. कुळाकुळांत चालणारं थट्टेचं नातं सांगून मयताच्या घरी जेवणारे आणि जाताना मेलेल्याचा कोट उचलणारे भामटे तिने ऐकले होते.

"थांब रे ए!" ती कडाडली. "कुठल्या कुळाचा तू? आईचं नाव सांग! आणि त्या पिशवीत काय लपवलंयस?"

हामूंगा उठला, कपडे झटकले आणि निघून गेला. लुयांडोने तोंड पुन्हा भिंतीकडे केलं.

म्हातारे मामा काठी आपटत आले. "काय केलंस हे, बाई? तो हत्ती-कुळाचा, आपण आईकडून शेळी-कुळाचे. त्यांनी आपल्या मेलेल्यांची टर उडवायची, आपण मुकाट ऐकायचं, हे आज्या-पणज्यांपासूनचं. रडत्या घरात घास गिळायला लावतात ते हेच लोक. त्यांच्यावर कुणी डोळे वटारतं का?"

"तो हत्ती-कुळाचा, हे मला कुणी सांगितलं नाही, मामा!"

"तू विचारलंस कधी? तुला रोज शेळी म्हणायचा, ते काय उगाच? मुन्साका आणि तो एका ताटात जेवायचे. हाकललास तू, आता आणायचाही तूच."

मायिन्झा धावत सुटली. पुलाच्या तोंडाशी पहारेकऱ्याने अडवली. बाई एवढी पळतेय म्हणजे काहीतरी उचललं असणार! त्याने तिला पिशवी उपडी करायला लावली, लुगडं झटकायला लावलं. रांगेतले लोक टकमक बघत होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हामूंगा पुलाच्या मधोमध सापडला, सायकल कठड्याला टेकवून उभा. धबधब्याचे तुषार दोघांनाही भिजवत होते.

"चल," ती म्हणाली.

"कशाला? आईचं नाव सांगायला?"

"चुकलं माझं. ती जेवत नाहीये रे. पोर मरेल."

त्याने पिशवी उघडून तिच्यापुढे धरली. आत मुन्साकाचे फाटके बूट होते. "हे घालून त्याच्यासारखा नाचणार होतो," तो म्हणाला. "मित्र होता माझा. माझ्या घरात दोन दिवस चूल नाही पेटली. आणि मला तू चोर ठरवलंस."

"मग आता नाच. माझी हवी तेवढी टर उडव. मी तोंड उघडणार नाही."

"तू? तोंड उघडणार नाहीस?" तो म्हणाला, आणि त्याने सायकल वळवली.

अंगणात शिरला तो फाटके बूट घालून. थेट पेटीपाशी गेला, कमरेवर हात ठेवले आणि हुबेहूब मायिन्झाच्या आवाजात कडाडला, "थांब रे ए! कुठल्या कुळाचा तू? उघडा ती पेटी! आत मुन्साकाच आहे कशावरून? फुकटात पुरून घ्यायला आला असेल कुणी भामटा!"

लुयांडो आधी हसली. मग तिने असा हंबरडा फोडला की झाडावरची पाखरं उडाली. मग पुन्हा हसली. मामीने तेवढ्यात तिच्या तोंडात घास कोंबला. तिने तो गिळला, आणि दुसऱ्यासाठी तोंड आपणहून उघडलं. कुणीतरी पोरीला तिच्या छातीशी दिलं.

मायिन्झाने हामूंगासाठी ताट वाढून आणलं. त्याने ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे रोखून पाहिलं. "विष नाही ना घातलंस?"

सगळे हसले. मायिन्झाने त्याच्याच ताटातला घास मोडला, रश्शात बुडवला आणि त्याच्या डोळ्यांदेखत तोंडात घातला. भाऊ गेल्याचं कळल्यापासून तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता घास तोंडात तसाच ठेवून ती त्या सायकलवाल्यासमोर हमसून हमसून रडली.