धूर कुठे जातो

माझे वडील कापडगिरणीत बॉयलरवर होते. फावड्यानं भट्टीत कोळसा टाकायचा आणि वाफेचा काटा खाली येऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम. दुधनीकडच्या एका खेड्यातून ते तरुणपणी सोलापुरात आले आणि थेट त्या भट्टीसमोर उभे राहिले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. गिरणीमागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. वारा आमच्या बाजूला वळला की दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसायची. शेजारच्या अक्का धुतलेलं पातळ पुन्हा बादलीत टाकताना चिमणीकडे बघून तेलुगूत काहीतरी पुटपुटायच्या. त्याचा अर्थ मला कधी विचारावा लागला नाही.

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्राच्या सरांनी कार्बन डायऑक्साइड शिकवता शिकवता मध्येच खडू खाली ठेवला. म्हणाले, हा वायू जमिनीची उष्णता धरून ठेवतो. जग ज्या वेगानं कोळसा आणि तेल जाळतंय, त्यानं तो हवेत साठत जाईल आणि पृथ्वी हळूहळू तापेल, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. काहींना ते पटत नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, सर, सोलापूर आणखी काय तापणार? सगळा वर्ग हसला, सरही हसले. मला मात्र हसू आलं नाही. डोळ्यांसमोर अण्णांचं फावडं आलं होतं.

त्या वर्षी गॅदरिंगच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘गिरणीचा धूर हीच शहराची भरभराट’. अनुकूल बाजूनं बोलायला आठ-दहा जण तयार होते. प्रतिकूल बाजूला माझं एकटीचं नाव. अध्यक्ष म्हणून अण्णांच्याच गिरणीतले एक मोठे साहेब येणार होते. मैत्रिणींनी नाव काढून घ्यायला सांगितलं. मी काढलं नाही.

मी काजळीपासून सुरुवात केली. मुलींनी टाळ्या वाजवल्या, कारण कपडे त्याच धूत होत्या. मग सरांनी सांगितलेलं मांडलं. काजळी दिसते म्हणून आपण ती झटकतो, पण धुरातलं जे दिसत नाही ते वर साठत राहतं आणि ते कुणाला झटकता येणार नाही, असं मी म्हणाले. साहेबांनी मला मध्येच थांबवलं. हसत विचारलं, परवाचा दुष्काळही आमच्या चिमणीनंच आणला का? सभागृहात मोठा हशा झाला.

“ते मला माहीत नाही,” मी म्हणाले. “पण माहीत नाही म्हणून विचारायचंच नाही, हे मला मान्य नाही.”

वडील काय करतात, असं त्यांनी मग विचारलं. तुमच्याच बॉयलरवर आहेत, असं मी माईकवरून सांगितलं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी बॉयलरखात्याच्या मुकादमानं अण्णांना बाजूला घेतलं. साहेबांना लागलंय, पोरीनं चार ओळी लिहून द्याव्यात, म्हणाला. मी चुकीच्या माहितीवरून बोलले, एवढंच लिहायचं. अण्णांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. आईनं लगेच फळीवरची वही काढून माझ्यापुढे ठेवली. चार ओळींनी हात झिजत नाहीत, म्हणाली. अण्णांनी वहीवर हात ठेवला आणि ते धुराचं नेमकं काय आहे ते मला समजावून सांग म्हणाले.

मी सांगितलं. आपण चादर पांघरतो तेव्हा चादर काही ऊब तयार करत नाही, अंगातलीच ऊब बाहेर जाऊ देत नाही. हवेतला हा वायू तसाच आहे. आणि आपण पृथ्वीवर एकावर एक चादरी टाकत चाललोय. अण्णांनी दोन-तीन प्रश्न विचारले. आमच्या सरांनाही कुणी इतके नेमके प्रश्न विचारले नव्हते. आयुष्यभर त्यांनी उष्णताच सांभाळली होती.

“तू बोललीस त्ये खोटं हाय का?”

“नाही.”

“मग लिव्हायचं न्हाय.” ते उठले. “इतकी वरसं कोळसा टाकतोय मी. धूर कुटं जातो, ह्ये मला बी कदी इचारावं वाटलं न्हाय.”

पुढच्या आठवड्यात त्यांना बॉयलरवरून काढून कोळशाच्या आवारात घातलं. भर उन्हात डोक्यावरून टोपल्या वाहायच्या. आई माझ्याशी बोलेनाशी झाली. एकदा अण्णांची सोललेली मान बघून मीच वही उघडली, तेव्हा त्यांनी ती मिटली. कॉलेजातून विद्यापीठाच्या स्पर्धेला माझ्याऐवजी दुसरीला पाठवलं. तरी मी लिहिलं नाही.

गणपतीत चाळीच्या मंडळानं तोच विषय ठेवला. या वेळी माझ्यासमोर युनियनचे एक कार्यकर्ते होते, आम्हा सगळ्यांना जवळचे. त्यांनी शांतपणे विचारलं, चिमणी बंद झाली तर या चाळीच्या चुली कशावर पेटणार? हा प्रश्न साहेबांच्या प्रश्नासारखा नव्हता. मला उत्तर येत नव्हतं आणि मी तसं कबूल केलं. लोक कुजबुजू लागले. तेव्हा मागे बसलेले अण्णा उभे राहिले. चार माणसांत ते पहिल्यांदाच बोलत होते.

“चिमणी बंद करा आसं ती म्हनलीच न्हाय,” ते म्हणाले. “कोळसा टाकणारा मी हाय, तोटा झाला तर माजा. मला चालतंय, तर तुमाला ऐकायला काय झालं?”

अक्का पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मला बोलणं पुढे चालू करायची खूण केली, आणि मी उरलेलं सगळं बोलले. त्या दिवशी कुणाचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही. पण कुणी उठूनही गेलं नाही.

अण्णा निवृत्त होईपर्यंत आवारातच राहिले. मी शाळेत विज्ञान शिकवू लागले आणि दर वर्षी हा भाग शिकवला. हे अभ्यासक्रमात नाही, असं तपासणीला आलेल्यांनी दोनदा बजावलं. मी दोन्ही वेळा ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवलं. पुढे गिरणी बंद पडली, ती भलत्याच कारणांनी. बघ, गेला तुझा धूर, असं तेव्हा मला काहींनी सुनावलं. चाळीतली माणसं दारात बसून राहिलेली मी रोज बघत होते. मी हे मागितलं नव्हतं, एवढं मी प्रत्येकाला थांबवून सांगितलं.

बऱ्याच वर्षांनी नवी पेठेत ते मुकादम भेटले, पार थकलेले. अण्णा गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. माझा हात धरून म्हणाले, चार ओळी लिहिल्या असत्यास तर तुझा बाप बॉयलरवरूनच निवृत्त झाला असता.

“तेच लिहू नको म्हणाले,” मी सांगितलं.

“लई हट्टी माणूस,” ते म्हणाले.

“व्हय,” मी म्हणाले. ऊन फार होतं, म्हणून त्यांना दुकानाच्या सावलीत बसवलं आणि रिक्षा बघायला गेले.