धरणावरचे सात रविवार

साठाव्या वर्षी पायांना फळी बांधून मोटरबोटीच्या मागे ओढलं जायची हौस मला नव्हती. पोहता येतं, एवढाच माझा पाण्याशी संबंध. भोपाळमधल्या कोलार रोडच्या आमच्या कॉलनीत हे कळलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं, आणि बरोबरच केलं असतं. मी गेलो तो मुलीसाठी.

ती शहराबाहेरच्या एका धरणावर वेकबोर्ड, म्हणजे हाच फळीचा खेळ, शिकवायची. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पास झालेली मुलगी मुख्य परीक्षेला बसलीच नाही, आणि तिने हे काम धरलं. माझे वडील नागपूर सोडून भोपाळला आले ते सरकारी नोकरीपायी. मीही सचिवालयात बाबूगिरी करून निवृत्त झालो. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "या घराची पायरी चढू नकोस." आणि ती खरंच चढली नाही. खाण तशी माती. नऊ महिने ती फक्त आईशी फोनवर बोलायची, आणि मी खोलीत शिरलो की फोन बंद व्हायचा.

शेवटी बायकोच म्हणाली, "तिच्याकडे शिकायला जा की. गिऱ्हाइकाशी तरी तिला बोलावंच लागेल."

पहिल्या रविवारी मुलीने माझा फॉर्म हातात घेतला आणि मान वर न करता विचारलं, "सर, बीपी आहे?"

"आहे. तुला माहीत नाही का?"

"फॉर्मवर लिहा, सर."

मी लिहिलं.

शिकायचं ते ऐकायला सोपं. लाइफ जॅकेट घालून पाण्यात उताणं तरंगायचं, गुडघे छातीशी, हात सरळ, हातात दोराचं हँडल. बोट निघाली की आपण काहीच करायचं नाही, पाणी फळीला वर ढकलतं, मग सावकाश उठायचं. काहीच करायचं नाही, हेच मला जमेना. बोट हलली की मी उठायला धडपडायचो आणि तोंडावर आपटायचो. बोटवाला ओरडायचा, "अंकल, जल्दी क्या है? कौन सी ट्रेन छूट रही है?" 

दुसऱ्या रविवारी नाकातोंडात पाणी गेलं आणि मी गुदमरलो. तिने कपड्यांनिशी उडी मारली. "बाबा, मान वर! मान वर ठेवा!" त्या दिवसापासून 'सर' गेलं. मग बोटीत बसून आईने दिलेली थालीपिठं खाताना ती घरचं विचारू लागली. गच्चीची गळती थांबली का, आईचा गुडघा कसा आहे, माझ्या गोळ्या कोण आणतं. मी आठवडाभर त्या पंधरा मिनिटांवर जगायचो.

एकच अडचण होती. नवशिक्यांचा कोर्स उभं राहीपर्यंतच. पाण्यावर तरंगणाऱ्या लाल पिंपापर्यंत उभं राहून गेलात की संपला, तुमच्या जागी पुढचा.

चौथ्या रविवारी फळी पायाखाली एकदम स्थिर झाली. नुसतं उठायचं बाकी होतं. बोटीत मागे तोंड करून बसलेली माझी मुलगी अर्धी उभी राहिली होती. आणि मी हँडल सोडून दिलं.

आमच्या ऑफिसात फाईल बंद होऊ द्यायची नसेल तर तिच्यात एक त्रुटी काढायची, म्हणजे ती परत येते. पूर्ततेसाठी पुन्हा येते, पुन्हा एक त्रुटी. मी यात वाकबगार होतो, लोकांचे तळतळाट घेतले होते. तेच इथे केलं. पाचव्या रविवारी पाय घसरला म्हणालो, सहाव्या रविवारी हाताला गोळा आला म्हणालो. ती गप्प गप्प होत चालली होती. मी ते थंडीवर ढकललं. मनातून मी खूश होतो, लाज वाटते सांगायला.

सातव्या रविवारी आभाळ भरून आलं होतं आणि पाणी बर्फासारखं गार. ती म्हणाली, "आज उठा, बाबा." आवाज असा होता की सबब सुचली नाही. मी उठलो. पिंपापर्यंत उभा गेलो. बोटवाल्याने टाळ्या वाजवल्या. तिने नाही.

काठावर तिने टॉवेल दिला. "चौथ्या रविवारीच उठला असतात तुम्ही. हँडल सुटलं नव्हतं. सोडलंत."

"हो."

"का?"

"कोर्स संपला असता."

तिने माझी फळी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी ठरवलं होतं, ज्या दिवशी तुम्ही उठाल, त्या दिवशी तुमच्या स्कूटरवर मागे बसून घरी यायचं. माझ्यासाठी एवढं केलंत, आता माझा कसला राग, असं. चौथ्या रविवारी बॅग भरून आणली होती. पाचव्यालाही. सहाव्यालाही. तुम्ही मुद्दाम पडत होतात. मला वाटलं, बाबांना मी घरी यायलाच नकोय."

"अगं, मग आज चल. आत्ता चल."

"गोव्यात शिकवायचं काम आलं होतं, त्या लोकांना मी दोनदा थांबवलं होतं. परवा हो म्हटलं. संध्याकाळची गाडी आहे, बाबा. सामान गेलंसुद्धा स्टेशनवर." तिने माझ्या हातातलं जॅकेट घेतलं. "गोव्याचं आईला सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा."

मी स्टेशनवर येऊ का, विचारलं. ती नको म्हणाली.

ओल्या कपड्यांनी स्कूटर चालवत घरी आलो. बेल वाजवली. बायकोने दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता माझ्या मागे, जिन्याकडे पाहिलं. गेले तीन रविवार ती दार उघडून असंच माझ्या मागे बघत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.